अधांतरी ठकू

"ढेपांच्या तळाशी हा जात्याचा दगड ठेवायचा, त्यालाही गोणपाट गुंडाळायचं आणि तोंड शिवून टाकायचं!" दाजीबा कारभाऱ्याने फर्मावलं.

"कुणाचं? गोणपाटाचं की माझं?" ठकूने विचारलं.

"दोघांचंही!"

ठकू म्हणजे राजवाड्याची मापाडीण. गजेंद्रराजांच्या वाढदिवसाला चौकातल्या मोठ्या तराजूत राजे एका पारड्यात बसत, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढत. काटा मध्यावर आला की ठकू ललकारी देई आणि तो सगळा गूळ गावात वाटला जाई. यंदा मात्र राजांनी वर्षभर 'आम्ही बारीक झालो' असा घोष लावला होता. झाले नव्हते, पण तसं सांगायची छाती कुणाला? कारभाऱ्याने त्यातच आपली सोय पाहिली. तळाशी दगड गेला की ढेपा कमी लागणार आणि राजे खूश! वाचलेल्या ढेपा त्याने आधीच स्वतःच्या कोठारात नेऊन ठेवल्या होत्या.

"माझ्या हातून हे व्हायचं नाही," ठकू म्हणाली. "काटा खोटं बोलत नाही, आणि मी त्याच्या शेजारी उभी असते."

"मग नको उभी राहूस! चौकशी होईपर्यंत तू अधांतरी. कामावर नाहीस आणि कामावरून काढलेलीही नाहीस. वाड्याच्या जमिनीला पाय लावशील तर याद राख!"

तराजूपाशी त्याने आपल्या मेव्हण्याला उभं केलं आणि राजांकडे जाऊन चुगली केली, "महाराज, ठकू माजलीय. हुकूम मानत नाही." कोणता हुकूम, ते तेवढं गिळलं.

राजे पक्के हट्टी. "उद्या तुलेच्या वेळी चौकशी! समोर हजर झाली नाही, तर तिचा काटा कायमचा गेला!"

भालदाराने ठकूच्या दारात येऊन हे सांगितलं, तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "अहो, वाड्यात पाय ठेवायचा नाही असा हुकूम आहे ना? मग हजर कशी होऊ?"

"मीही तेच विचारलं, ठकूबाई. महाराज म्हणाले, कारभाऱ्याचा काय नि आमचा काय, दोन्ही हुकूम आमच्याच शिक्क्याचे. एकही मागे यायचा नाही!"

ठकूला रडूच कोसळलं. सासऱ्याने हाताला धरून शिकवलेलं काम ते. राजवाड्याने काटा काढून घेतला, तर बाजारात पसाभर तांदूळही तिच्या मापाने कुणी घेतला नसता. मग रडण्याचा राग झाला. तिने पदराने डोळे पुसले.

"मला अधांतरी ठेवलंय ना? बरं! राहून दाखवते!"

दुसऱ्या दिवशी चौकात गाव लोटलं. मेव्हण्याने ढेपा रचून ठेवल्या होत्या. गुळाचं पारडं जमिनीला टेकलेलं, राजांचं रिकामं पारडं वर लोंबत होतं. इतक्यात गुळाची शेवटची गाडी आत आली, आणि ढेपांवर ठाण मांडून कोण बसलंय? ठकू! गाडी तराजूला लागली, तिने पदर खोचला आणि गाडीतून थेट राजांच्या पारड्यात पाय टाकला. ठकू तशी काडीपैलवान. पारडं जरासं डुगडुगलं आणि वरच राहिलं.

राजे येऊन पाहतात तो त्यांच्या जागी ठकू झोके घेतेय!

"खाली उतर!" राजे गरजले.

"उतरले तर जमिनीला पाय लागेल, महाराज. हुकूम मोडेल!"

"मग आम्ही बसायचं कुठे?"

"आधी चौकशी उरका. मी हजरही आहे आणि अधांतरीही आहे. दोन्ही हुकूम पाळलेत!"

लोकांत खसखस पिकली. राजांच्या मिशा थरथरल्या, पण रागाने की हसण्याने ते कळेना. "बोल, कोणता हुकूम नाकारलास?"

"माझ्या शब्दावर नका जाऊ, महाराज. कारभाऱ्यांनी एवढं उंच बसवलंय, तर इथून दिसतं तेवढंच बोलते. सगळ्या ढेपांना मुंगळे लागलेत. पण ती तळाची, कडेची ढेप बघा! मुंगळे तिच्यावर चढतात, थांबतात आणि तोंड फिरवून निघून जातात." ती कारभाऱ्याकडे वळली. "मुंगळ्यांना हुकूम द्यायचा राहिला वाटतं, कारभारी!"

भालदाराने त्या गोणपाटाची शिवण उसवली. आत जात्याचा दगड!

कारभाऱ्याने राजांच्या पायांवर लोळण घेतली. "महाराज, तुम्ही बारीक दिसावं म्हणून केलं हो!"

"म्हणजे आम्ही जाड आहोत?"

राजांनी ठकूकडे बोट केलं. "काटा तू धरतेस, तूच सांग. आम्ही जाड की बारीक? खोटं बोललीस तर काटा गेला. आणि खरं बोलून आमचा अपमान केलास, तरी गेला!"

कारभाऱ्याच्या चेहऱ्यावर पुन्हा तरतरी आली. ठकूने खाली जमलेल्या लोकांकडे पाहिलं, आणि तिचे डोळे लुकलुकले.

"मी कशाला सांगू, महाराज? गावालाच बघा ना! गूळ न्यायला पातेली आणलीत, पराती आणल्यात, त्या म्हातारीने तर घंगाळ आणलंय. वाटी घेऊन आलेला एक तरी माणूस दिसतो का? तुमच्यावर यांचा एवढा भरवसा! एक कारभारी सोडले, तर तुम्ही बारीक व्हावं असं इथे कुणालाच वाटत नाही!"

राजे क्षणभर घंगाळाकडे पाहत राहिले. मग असे हसले की पोट गदगदा हलू लागलं आणि सगळं गाव त्यांच्याबरोबर हसलं.

"उतर, ठकू! दोन्ही पाय टेक! काटा तुझा!"

ठकू उतरली, दगड बाजूला काढला आणि राजे पारड्यात बसले. शेवटची गाडीसुद्धा रिकामी झाली, तेव्हा कुठे काटा मध्यावर आला आणि ठकूने ललकारी दिली. राजे उतरले आणि त्यांनी कारभाऱ्याला पारड्यात चढवलं. "चौकशी होईपर्यंत हा अधांतरी! आणि ठकू, तुझ्या वजनाइतका गूळ तुला बक्षीस!"

ठकूने आपल्या काटकुळ्या मनगटांकडे पाहिलं, मग वर लोंबकळणाऱ्या गुबगुबीत कारभाऱ्याकडे.

"माझं वजन ते काय, महाराज! हे आयते बसलेत, तर यांच्या वजनाइतका द्या!"

"दिला!" राजे हसता हसता ओरडले. "आणि ढेपा त्याच्याच कोठारातून आणा!"