मोराखालचा तीळ

एक होती मुंगी. तिचं नाव ठमी. ठमीला सापडला एक तीळ. घरी धाकटी बहीण भुकेली होती. ठमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

तीळ जड होता. ठमीने तो काळ्या फरशीवर ठेवला आणि जरा पाय चोळले.

तेवढ्यात कुमुदकाकू आल्या. त्यांनी फरशीवर ठेवला रांगोळीचा छापा. पातळ पत्र्याचा. त्यात मोराच्या आकाराची भोकं. काकूंनी वरून रांगोळी पसरली. भुरुभुरु, भुरुभुरु. तीळ गेला खाली.

ठमी म्हणाली, "छाप्या, छाप्या, माझा तीळ सोड."

छापा म्हणाला, "काकू उचलतील, तर सोडीन."

ठमी गेली काकूंकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"छापा सोडेना, तीळ मिळेना. काकू, काकू, छापा उचला."

काकू म्हणाल्या, "अगं, वारा बघ किती येतोय. आत्ता उचलला तर मोर विस्कटेल. वारा थांबेल, तर उचलीन."

ठमी गेली वाऱ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काकू उचलेनात, छापा सोडेना, तीळ मिळेना. वाऱ्या, वाऱ्या, थांब."

वारा म्हणाला, "सूंऽ सूंऽ. दार उघडं दिसलं की मी शिरणारच. दार लागेल, तर थांबेन."

ठमी गेली दाराकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वारा थांबेना, काकू उचलेनात, छापा सोडेना, तीळ मिळेना. दारा, दारा, लाग."

दार म्हणालं, "कर्रर्र. उंबऱ्यावर मांजर आहे. शेपूट चेंगरेल त्याची. मांजर उठेल, तर लागेन."

ठमी गेली मांजराकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दार लागेना, वारा थांबेना, काकू उचलेनात, छापा सोडेना, तीळ मिळेना. मांजरा, मांजरा, ऊठ."

मांजर म्हणालं, "घुर्रर्र. एवढीशी तू, आणि मला उठवतेस? इथे ऊन छान आहे. ऊन सरकेल, तर उठेन."

ठमी गेली उन्हाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मांजर उठेना, दार लागेना, वारा थांबेना, काकू उचलेनात, छापा सोडेना, तीळ मिळेना. उन्हा, उन्हा, सरक."

ऊन म्हणालं, "मी सरकतंच आहे. रोजच सरकतं. बस जरा."

ठमी बसली.

ऊन सरकलं. एक बोट. दोन बोटं. मग उतरलं पायरीवर.

मांजर उठलं आणि उन्हामागे गेलं. दार लागलं. धाड. वारा थांबला. काकूंनी छापा उचलला, अलगद, सरळ वर. छाप्याने तीळ सोडला.

खाली पांढरा मोर. मोराच्या डोक्यात तीळ. ठमीने तीळ उचलला आणि ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

तिळाच्या जागी राहिला काळा ठिपका.

काकू म्हणाल्या, "अरे, याला डोळा कुणी काढला?"

ठमी घरी पोचली. तिने तीळ झटकला, पुसला, बहिणीला दिला.

बहीण म्हणाली, "ताई, कुठे होतीस एवढा वेळ?"

ठमी म्हणाली, "ऊन सरकत होतं. खा आता."

बहिणीने तीळ खाल्ला. कुटुकुटु, कुटुकुटु.

तीळ संपला. गोष्टही संपली.