राक्षसाच्या तराजूत येसू

एका डोंगराखाली एक गाव होतं, बरं का, आणि त्या गावात तुमच्याएवढी एक मुलगी होती. तिचं नाव येसू. एके दिवशी डोंगरावरून राक्षस उतरला. त्याच्या हातात ताडाएवढा तराजू. त्यानं येसूला उचललं आणि एका पारड्यात ठेवलं.

"दुसऱ्या पारड्यात काय हवं ते घाला," तो म्हणाला. "हिचं पारडं वर गेलं तर ही तुमची. सूर्य बुडेपर्यंत नाही गेलं, तर माझी."

येसूची आई कोंडाई मटकन खालीच बसली. राजा मात्र हसला. "एवढीशी तर पोर! आणा माझं सिंहासन."

सिंहासन चढवलं. पारडं हललंसुद्धा नाही.

मग देवळातली घंटा आणली. पारडं तसंच. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला.

मग घराघरांतली जाती आणली. बायका म्हणाल्या, "उद्या भाकरी नको, पण पोर सोडवा!" जात्यांचा ढीग झाला. तरी पारडं तसंच!

येसू केव्हाची ओरडत होती, "अहो, वर बघा ना!"

प्रधान खेकसला, "गप्प गं! मोठी माणसं तोलतायत." आणि कोंडाईला म्हणाला, "काय गं, पोरीला दगड खाऊ घालतेस का?"

ऐकलंत? पोर धरली राक्षसानं, आणि बोलणी आईला!

सूर्याची नुसती कड उरली. राक्षसानं जबडा उघडला. तेव्हा कोंडाई उठली आणि प्रधानाला ढकलून पुढे आली.

"येसू, काय दिसतंय तुला? मला सांग."

"आई, त्याचा अंगठा! माझ्या बाजूची दांडी दाबून धरलीय त्यानं!"

राक्षसाच्या झिपऱ्यांनी हात झाकला होता. बाहेरून कुणाला दिसणार? जी पारड्यात अडकली होती, तिलाच दिसत होतं.

"मग चढ साखळीवर! चाव त्याला!"

येसू सरसर चढली आणि कडकडून चावली. राक्षस बोंबलला, अंगठा सुटला, आणि सिंहासन, घंटा, जाती धाडकन खाली! येसूचं पारडं सुर्रकन वर!

"वर गेलं! आमची पोर आमची!" सगळा गाव ओरडला. मग कुठे सूर्य बुडाला. राक्षस अंगठा चोखत डोंगरापार पळाला. येसूनं आईच्या पदरात उडी मारली.

राजानं दवंडी पिटवली, पोर आम्हीच सोडवली म्हणून. पिटवू दे. जाती घरोघरी परतली, चुली पेटल्या, येसू पोटभर जेवली आणि सगळे सुखानं राहिले.

चला, मिटा डोळे. दाराला कडी घातलीय मी.