एकशे नववा ठिपका

"बुवा, हरवलेला दगड सापडतो का?"

"हरवला कुठं?"

"मंगळाच्या पलीकडे, गुरूच्या अलीकडे. गुरूकडच्या कडेला..."

निरंजनबुवा हसले. "लांब भिरकावलास की रे, मोरोबा."

मोरेश्वरपंत संस्थानच्या वेधशाळेचे प्रमुख. त्यांना मोरोबा म्हणणारा आता जगात हा एकच माणूस उरला होता. याच डोंगरावरच्या या मठीत, बुवांनी स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून, पंतांनी लहानपणी आकाश पाहिलं होतं.

माघातल्या अंधाऱ्या पक्षातली संध्याकाळ. खाली गावावर चुलींचा धूर निळा होऊन अडकला होता.

पंतांनी सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी आकाशाचे फोटो घेतलेल्या काचेच्या दोन प्लेटांवर एक ठिपका सरकलेला दिसला. तारे असे सरकत नाहीत. लघुग्रह होता तो. राजेसाहेबांनी भर दरबारात पंतांच्या अंगावर शाल पांघरली. पुढे तो सूर्याच्या उजेडाआड गेला. बाहेर यायची वेळ झाली, तेव्हा पंतांनी गणितानं सांगितलेल्या जागी आलाच नाही.

"परदेशातून पत्र आलंय. म्हणतात, काचेवरची धूळ असेल."

"मग, होती का धूळ?"

"नव्हती!"

"ओरडू नकोस. माकडं येतात."

पंतांचा आवाज उतरला. "दोनच प्लेटांवर कक्षा बेतली, ती घाई झाली. त्याची एखादी जुनी नोंद मिळाली, कक्षा दुरुस्त करता आली, तर वाचलो. नाहीतर चैत्रात राजीनामा."

बुवा माळ ओढत राहिले.

"कोनाड्यातल्या वह्या बघ जरा," ते म्हणाले. "डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यापासून हात लावलेला नाही. वाळवी लागली असेल."

पंतांना त्या वह्या ठाऊक होत्या. पुष्य नक्षत्रात ताऱ्यांचा एक पुंजका आहे. तो ज्या महिन्यांत दिसे, त्या सगळ्या महिन्यांत बुवा रोज दुर्बिणीला डोळा लावत आणि बोरूनं कागदावर तो उतरवत. एक तारा, एक ठिपका, एक रामनाम. दुर्बिणीत दिसणारे तारे बरोबर एकशे आठ; ते संपले की बोरू खाली.

"ठिपके काढून कुणी ज्योतिर्विद होत नाही, बुवा," असं पंत एकदा इथंच बसून म्हणाले होते.

त्यांनी समई जवळ ओढली. पानामागून पान. तेच तारे, त्याच जागी. जणू एकच रात्र वीस वर्षं चालली होती आणि कुणी तिला उठवलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वीच्या एका पानावर, समासात, बारीक अक्षर होतं...

'आज एक नाम जास्त झालं. मन चळलं.'

दुसऱ्या दिवशीच्या पानावर, 'आजही. उपास केला.'

तिसऱ्या, 'आजही. माळ बदलली.'

पंतांनी ठिपके मोजले. एकशे नऊ. पुन्हा मोजले. मग तिन्ही पानं एकावर एक धरून समईपुढं उचलली. एकशे आठ ठिपके एकमेकांवर बसले. एक मात्र नखाएवढा सरकत गेला होता. रोज तेवढाच.

ती चाल पंतांच्या ओळखीची होती.

"लागली का वाळवी?"

"...नाही."

"मग एवढा गप्प का?"

पंतांनी बुवांच्या डोळ्यांकडे पाहिलं. दुधाळ झाले होते. ती पानं फाडून, घडी करून खिशात घातली असती, तर या डोंगरावर कुणालाच कळलं नसतं.

समईची वात तडतडली.

"बुवा... तुमचं मन चळलं नव्हतं."

"काय म्हणतोस?"

"तो एकशे नववा खरंच तिथं होता. माझा दगड. माझ्याआधी चार वर्षं तुम्ही पाहिलात त्याला."

"पाहिला नाही रे," बुवा हळूच म्हणाले. "नुसता काढला."

मग त्यांना हसू फुटलं. "म्हणजे माझा उपास फुकट गेला म्हण की!"

"मी तसं कळवतो. पहिला वेध तुमचा. दरबारातली ही शालसुद्धा..."

"शाल राहू दे अंगावर. थंडी आहे."

बुवांनी गळ्यातली माळ काढली. वह्यांच्या रिकाम्या झालेल्या कोनाड्यात चाचपून ती ठेवली. मग चाचपतच बोरू शोधला आणि पंतांच्या मुठीत दिला.

"पुष्य वर आला असेल. जा. आज तू काढ."

पंत दारापर्यंत गेले. बाहेर अंधार मऊ झाला होता, आणि पूर्वेला तो पुंजका श्वासाच्या वाफेसारखा दिसत होता. ते थबकले.

"बुवा, किती काढू? एकशे आठ, की एकशे नऊ?"

"मोजू नकोस."