एका डब्यातल्या चार मिरच्या

झाडं एकमेकांशी मोठ्याने बोलत, त्या काळची ही गोष्ट. द्वारकामावशींच्या गच्चीवर तेलाच्या एका डब्यात मिरचीची चार रोपं दाटीवाटीने वाढत होती. धाकटी मधोमध होती. ऊन तिच्यापर्यंत हिरवंगार होऊनच झिरपत येई, आणि त्या उजेडात तिला पांढऱ्या फुलाचं स्वप्न पडे. कळी मात्र उमलण्याआधीच गळून जाई.

"अक्का, मला वेगळी कुंडी हवी," एका सकाळी ती म्हणाली.

"वेगळी?" थोरली फणकारली. "आमची मुळं टोचायला लागली वाटतं! आमच्या आधाराने उभी आहेस, विसरू नकोस."

"पाणीसुद्धा तुमचं पिऊन उरलं तरच मिळतं, अक्का."

"ऐकलंत? शेफारलीय नुसती!"

त्याच दिवशी डब्यातली दाटी पाहून मावशींनी डबा आडवा केला आणि धाकटीची गुंतलेली मुळं बोटांनी सोडवायला घेतली. "घट्ट धरा गं हिला!" थोरली ओरडली. धाकटीने मात्र अंग सैल सोडलं. काही मुळं तुटलीच.

नव्या कुंडीत ती दोन दिवस मान टाकून पडली. "आता कळलं?" डब्यातून आवाज आला. नव्या मातीत सगळीकडे मोकळा अंधार होता, आणि तिची मुळं त्यात झोपेतल्यासारखी हळूहळू पसरत होती.

पंधरवड्याने ती फुलली.

तिच्या रिकाम्या जागेतून डब्यातही ऊन उतरलं होतं. थोरलीच्या खालच्या फांदीवर पहिल्यांदाच कळी टिकली.

"यंदा ऊनच चांगलं पडलंय," थोरली म्हणाली.