हरणीची हळू हाक

सागाच्या एका दाट जंगलात एक दांडगा गवा राहत असे. पाणवठ्याची राखण सगळ्या जनावरांनी त्याच्याकडे दिली होती. का, तर त्याची शिंगं मोठी आणि आवाज त्याहून मोठा. पाण्यावर कुणी ढकलाढकली केली की हा लांबूनच डुरकायचा आणि सगळे गप्प व्हायचे. गव्याला वाटायचं, आपला केवढा वचक आहे. वचक कसला डोंबलाचा? त्याला बघितलं की सायाळ बोलता बोलता थांबायची, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी टेकडीपलीकडून धूर यायला लागला. वणवा पेटला होता आणि वारा नेमका इकडेच वाहत होता. गव्याने सगळ्यांना हाकून ओढ्यापार काढलं. ते काम त्याने चोख केलं, नाही कशाला म्हणा. तेवढ्यात एक हरणी माघारी फिरली. "माझं पाडस," एवढंच ती म्हणाली. पुढचं ऐकायला गवा थांबतोय कुठं? रडत बसू नको म्हणून तिलाच दरडावून तो ओढ्याअलीकडच्या गवतात घुसला. गवत तुडवलं, झुडपं उलथली, पाडसाला बाहेर यायचा हुकूम सोडला. पाडस दिसेना. दिसला तो तरस, वाकड्या कमरेचा, तोंडाने ओंगळ. झालं! "तूच गिळलंस," म्हणत गव्याने त्याच्यावर शिंगं रोखली. तरस काहीतरी सांगू लागला, पण पलीकडून सगळे ओरडत होते, तरसाला हाकला, तरसाला हाकला.

गव्याच्या पाठीवर गरम राख पडायला लागली. शिंगांनी धूर हटत नाही, बाळांनो. त्याने वळून पाहिलं. हरणी त्याच्यामागे ओढा ओलांडून पार वणव्याच्या बाजूला पोचली होती. तो पुढे झाला तशी ती थरथरत मागे सरकली. मागे वणवा होता, तरी मागेच सरकली.  गवा गुडघ्यांवर बसला. "तू सांग, बाई," तो म्हणाला. "मी मध्ये बोलत नाही."

"चरायला जाताना आम्ही पिल्लाला गवतात निजवून जातो, दादा," हरणी म्हणाली. "आईच्या हळू हाकेशिवाय ते उठत नाही. मोठा आवाज झाला की आणखीच दबून बसतं. तुमच्या पायांना भिऊन जागेवरून पळालं असेल. आता कुठं दडलंय, देव जाणे. आणि या आरडाओरड्यात माझी हाक त्याला जाईल कशी?"

गव्याने तरसाकडे मान वळवली. "तुझ्यावर उगाच आळ घेतला. चुकलो. मघाशी काय सांगत होतास?"

"करवंदीच्या जाळीकडे पळालं ते," तरस म्हणाला. "तेच सांगत होतो, पण तुझी शिंगं आधी आली."

मग गव्याने पलीकडच्यांना गप्प राहायला सांगितलं, तेही न डुरकता. सगळे गप्प झाले. आता फक्त वाळलेली पानं तडतडताना ऐकू येत होती. हरणी जाळीजवळ गेली आणि तिने हाक मारली, इतकी हळू की जवळ उभ्या तरसालाही जेमतेम ऐकू गेली. काहीच हललं नाही. धूर डोळ्यांत जात होता. गव्याच्या घशाशी डुरकणी आली. ती त्याने गिळली. हरणीने पुन्हा हाक मारली. जाळीतलं गवत हललं आणि लटपटत्या पायांवर पाडस बाहेर आलं. गव्याच्या नाकासमोरून गेलं, तरी त्याने श्वास सोडला नाही.

सगळे ओढा उतरून पलीकडे पोचले आणि मागे करवंदीची जाळी धडाडून पेटली.

दुसऱ्या सकाळी पाण्यावर सायाळ गव्याजवळ आली आणि आपलं गाऱ्हाणं तिने पहिल्यांदाच शेवटपर्यंत सांगितलं. गवा खाली बसून ऐकत होता.

तात्पर्य : राखणदाराला शिंगं असोत, पण कान आधी हवेत; ज्याला सगळे भितात, त्याला खरी गोष्ट कुणी सांगत नाही.