सरकारांची वर्गणी आणि पाचची मुदत

मेल उघडला, ‘प्रिय ग्राहक’ एवढं वाचलं आणि मी तिथेच थांबले.

पळसोंडीच्या सरकारांना आजवर कुणी ‘ग्राहक’ म्हटलं नव्हतं. राज्य कधीच गेलं, राजवाड्याला तिकीट लागलं. पण ‘चौसष्ट’ नावाच्या बुद्धिबळाच्या अ‍ॅपवर नोंदणी करताना सरकारांनी नावाच्या रकान्यात हट्टाने ‘श्रीमंत’ भरलं होतं. तेव्हापासून ते बिचारं अ‍ॅप अदबीने कळवायचं, ‘श्रीमंत, तुमची चाल!’ आणि आज एकदम ‘प्रिय ग्राहक’?

मी जुई, राजवाड्याच्या माळ्याची मुलगी. बी.कॉम. झाले आणि सरकारांचे ईमेल बघायला लागले.

“मोठ्याने वाच!” सरकार म्हणाले.

मी मेल वाचला. ‘आपली वर्गणी संपली आहे. आज पाचच्या आत खालच्या बटणावर जाऊन कार्डाचा नंबर भरा. अन्यथा आपले सर्व डाव कायमचे पुसले जातील.’

सरकार ताडकन उठले. केरळातल्या कुणा दंतवैद्याशी त्यांचा एकच डाव अकरा महिने चालला होता आणि परवाच त्यांनी त्याचा वजीर मारला होता.

“हिंदुराव! कार्ड आणा!”

कारभारी हिंदुराव कार्ड घेऊन धावतच आले. त्याच कार्डाच्या खात्यात राजवाड्यावरच्या तेरा माणसांचे दसऱ्याचे पगार होते. तेरावी मी!

“सरकार, हा मेल खोटा आहे!” माझा आवाज इतका चिरका निघाला, की मीच दचकले.

“खोटा? मोहोर बघ. चौसष्टचाच घोडा आहे!”

“तो घोडा मी दोन मिनिटांत पापडाच्या जाहिरातीवर चिकटवून दाखवते, सरकार. पाठवणाऱ्याचा पत्ता बघा, त्यात चौसष्टचं नावसुद्धा नाही.”

“मुनीम नवा असेल.”

“आणि एवढी घाई?”

“वसुलीची घाई कुणाला नसते?”

“शिकलेली पोरं ही, सरकार,” हिंदुराव म्हणाले. “वाऱ्याने दार वाजलं तरी चोर आला म्हणतात!”

सरकारांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणजे आता हट्ट येणार!

“ऐक, जुई. आमच्या घराण्यात आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर जातं. ते जाणारच! पाठवणारा खरा असेल तर उत्तर त्याला मिळालं पाहिजे आणि त्याचा अपमान होता कामा नये. खोटा असेल तर त्याच्या हाती काही लागता कामा नये. आणि खरा की खोटा, हे आधी ठरवायचं नाही! जमतंय? नाहीतर मुकाट्याने नंबर भर.”

“झालं!” हिंदुराव हसले. “पाण्यात उतरायचं आणि अंग कोरडं ठेवायचं!”

साडेचार वाजले होते. माझं बोट त्या बटणावर होतं. ते मी उचललं.

“सरकार, आमच्याकडे दुधाचा रतीब आहे. महिना संपला की कधीतरी एखादा अनोळखी माणूस दारात येतो. म्हणतो, गवळ्याने पैसे न्यायला पाठवलंय. आई त्याला बसवते, गूळ-पाणी देते. पैसे देत नाही.”

“मग कुणाला देते?”

“सकाळी जो चरवी घेऊन येतो, त्यालाच! आलेला माणूस खरा असला, तर पैसे गवळ्याला पोचलेच की! खोटा असला, तर गूळ खाऊन गेला. आईने आजवर कुणाला खोटा म्हटलेलं नाही.”

मी धीर करून पुढे म्हणाले, “उत्तर जाऊ द्या, सरकार. पण ज्याने निरोप आणला त्याच्या हाती नको. हे बटण नको. आपलं रोजचं अ‍ॅप आपल्या हाताने उघडू, त्यात मदतीचा नंबर आहे, तिथे उत्तर देऊ.”

सरकार असे हसले, की समोर मांडलेल्या पटावरची प्यादी गडगडली!

“हिंदुराव, आपण तर गुळाबरोबर गायही देऊन बसलो असतो! आजपासून आमच्या टपालाची दिवाण ही. पगार दिवाणाचा! लाव फोन!”

“आणि चौसष्टवाल्यांनी खरंच पैसे मागितले असले तर?” हिंदुरावांनी विचारलं.

“तर दिवाणसाहेब उद्या बागेत गवत काढतील!”

फोन लावला. सनई वाजू लागली. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ पुन्हा सनई. पावणेपाच झाले. पाचला पाच कमी. सरकारांची बोटं कार्डाशी चाळा करू लागली.

“वजीर मारला होता गं,” ते पुटपुटले.

पाचाचे टोले पडले. तेवढ्यात सनई थांबली.

“हॅलो,” एका बाईंचा दमलेला आवाज आला. “त्या पाचच्या मुदतीबद्दलच ना? एक पैसा भरू नका हो, तो मेल आमचा नाही! सकाळपासून हा एकशे बारावा फोन!”