कूज आणि कडू फळ

फार वर्षांपूर्वी त्या तळ्यात रोज सकाळी 'कट्' असा आवाज होई. कासव आपल्या जबड्यात कडू फळ फोडत असे. आवाज आला की सगळे मासे पंगतीला जमत. फळाचा रस शेवाळात कालवून सर्वांना मिळे, आजाऱ्याला तसाच धडधाकटालाही. त्याने अंग भरतं, असं कटला माशाचं म्हणणं होतं, आणि तळ्यात कटल्याचं चाले.

तळ्याच्या गाळात कूज नावाची एक बाई राहत असे. ती माशांच्या कल्ल्यांत शिरे आणि मासा तडफडून मरे. पूर्वी फळाच्या नुसत्या वासाने ती पळायची. पण आता रोजच्या पंगतीत तीही कोपऱ्यात येऊन बसू लागली. आधी तिने बोट लावून चाखलं. मग घोट घोट. पुढे तिला ते गोड लागू लागलं.

त्या वर्षी मरळ मासळीची सगळी पिल्लं गेली. कासव फळांवर फळं फोडत होतं आणि कूज मिटक्या मारत होती.

"उद्यापासून पंगतीत फळ नाही," कासव म्हणालं. "मी कल्ले पाहीन. जो खरा आजारी, त्यालाच फळ. आणि अंगातला रस उतरेपर्यंत वीस दिवस त्याने बाजूच्या डबक्यात राहायचं."

"काका, मग आमची पोरं वाळायची का?" कटल्याने विचारलं.

"पोटाकडे बघा, कटलेराव. वाळायला दोन पिढ्या लागतील."

सगळे हसले. मरळ हसली नाही. "फळांच्या ढिगावर मी पहारा देते," ती म्हणाली.

कटला महिनाभर फुगून बसला. मग दाटीवाटीला कंटाळून, कुणी सांगितलं नसताना, त्याने शेपटीने तळाचा गाळ बाहेर लोटायला सुरुवात केली. पाणी निवळलं. मासे ऐसपैस पसरून राहू लागले.

तिसऱ्या वर्षी मरळीच्या एका पिल्लाचे कल्ले पांढरे पडले. कासवाने ते नीट पाहिले आणि फळ फोडलं. मरळ पिल्लाला घेऊन डबक्यात गेली. तिच्याने बघवत नव्हतं, तरी ती बघत राहिली.

कूज कल्ल्यात मांडी घालून बसली होती. "आलात? वाढा," ती म्हणाली.

रस आला. तिने जुन्या सवयीने मोठा घोट घेतला. पण इतक्या दिवसांत जिभेची सवय मोडली होती; रस पुन्हा कडूजहर लागला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिने कासवाकडे पाहिलं, मरळीकडे पाहिलं, पदर सावरला आणि चालती झाली.